लँकेशायर: पाऊस, कोळसा आणि परक्या शेतातला कापूस

शाळेच्या इतिहासात लँकेशायर आपल्याला एकाच वाक्यात भेटतं: तिथल्या गिरण्यांचं स्वस्त कापड इथे आलं आणि आपले विणकर देशोधडीला लागले. वाक्य खरं आहे, पण त्यात लँकेशायर नावाचा प्रदेश कुठेच दिसत नाही. तिथे कापसाचं एक बोंडही पिकत नाही, मग जगातला सगळ्यात मोठा कापडधंदा तिथेच का उभा राहिला? त्या गिरण्यांत राबत कोण होतं? आणि त्या यंत्रांनी स्वतःच्या दारात कुणाकुणाला बुडवलं? या प्रश्नांची उत्तरं जमिनीपासून शोधावी लागतात, म्हणून सुरुवात डोंगर आणि पावसापासून करतो.

डोंगर, पाणी, कोळसा

इंग्लंडच्या वायव्येला, पश्चिमेचा आयरिश समुद्र आणि पूर्वेची पेनाइन डोंगररांग यांच्यामधला पट्टा म्हणजे लँकेशायर. समुद्राकडचा भाग सपाट, शेतीचा आणि दूधदुभत्याचा. पूर्वेकडे सरकत गेलं की जमीन चढते आणि माथ्यावर उघडे माळ लागतात. तिथे त्यांना 'मूर' म्हणतात. झाडं जवळजवळ नाहीतच. पाणी धरून ठेवणारी काळी पीट माती, हेदरची झुडपं, मेंढ्या आणि वारा. अटलांटिकवरून येणारी ओली हवा या डोंगरांना अडते आणि पाऊस पडतो. आपल्यासारखा चार महिने कोसळून मग गायब होणारा नाही, तर वर्षभर थोडा थोडा पडत राहणारा. त्यामुळे तिथले ओढे बारमाही वाहतात. पाणचक्की चालवायची तर असाच ओढा लागतो.

डोंगराचा खडक म्हणजे खरबरीत वालुकाश्म. त्यातून पूर्वी जात्याचे दगड घडवत. या खडकात चुना फारसा नसल्याने त्यावरून येणारं पाणी मृदू असतं: साबणाला फेस येतो, कापड धुणं, उजळवणं आणि रंगवणं सोपं जातं. पुढे वाफेची इंजिनं आली तेव्हा याच पाण्यामुळे बॉयलरमध्ये क्षारांची पुटं कमी चढली. आणि डोंगरपायथ्याच्या जमिनीखाली कोळसा होता.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट होती, आणि माझ्या मते तीच सगळ्यात वजनदार आहे. डोंगराकडची जमीन हलकी, हवा गार. ओट आणि गवत यांपलीकडे फारसं पिकायचं नाही. नुसत्या शेतीवर घर चालत नव्हतं, म्हणून बायका-मुलं घरी सूत कातायची, पुरुष मागावर बसायचे. आधी लोकर आणि लिनन, मग सतराव्या शतकापासून लिननच्या ताण्यात कापसाचा बाणा घातलेलं 'फस्टियन' नावाचं जाड कापड. म्हणजे यंत्रं आली तेव्हा विणकामात मुरलेले हात, कच्चा माल उधार देणारे व्यापारी आणि माल विकण्याच्या वाटा हे सगळं आधीच तयार होतं. पुष्कळ ठिकाणी 'दमट हवेमुळे धागा तुटत नसे म्हणून लँकेशायर' एवढंच उत्तर दिलेलं असतं. दमट हवेचा फायदा होता हे खरं, पण तेवढ्याने भागत असतं तर गिरणीमालकांना विणकामाच्या शेडमध्ये मुद्दाम वाफ सोडावी लागली नसती. ती वाफ कामगारांच्या छातीला इतकी बाधायची की १८८९ साली तिच्यावर कायद्याने मर्यादा घालावी लागली.

वाहतुकीची सोयही लवकर झाली. वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी १७६१ मध्ये ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला आणि शहरात कोळसा एकदम स्वस्त झाला. लीड्स ते लिव्हरपूल हा सुमारे २०४ किलोमीटरचा कालवा १७७० मध्ये खणायला घेतला, तो पुरा व्हायला १८१६ उजाडलं. ब्लॅकबर्न, बर्न्ली अशा गिरणीगावांना त्याने बंदराशी जोडलं. आणि १८३० मध्ये लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे धावू लागली.

नकाशात मँचेस्टर सापडत नाही, ते का

आजच्या लँकेशायरच्या नकाशात मँचेस्टर शोधलं तर मिळणार नाही. लिव्हरपूल, बोल्टन, ओल्डहॅम, रॉचडेल हीसुद्धा नाहीत. कारण १ एप्रिल १९७४ ला इंग्लंडमधल्या काउंटींच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांच्या, सीमा बदलल्या. दक्षिणेकडच्या शहरांच्या ग्रेटर मँचेस्टर आणि मर्सीसाइड अशा नव्या काउंटी झाल्या, उत्तरेचा फर्नेसचा भाग कम्ब्रियात गेला, आणि यॉर्कशायरचा काही डोंगराळ भाग लँकेशायरला मिळाला. त्यामुळे 'लँकेशायर' म्हणताना कुठलं हे आधी ठरवावं लागतं. कापसाच्या इतिहासातलं लँकेशायर हे १९७४ पूर्वीचं, मोठं लँकेशायर. या लेखातही तेच धरलं आहे.

काउंटीला नाव देणारं गाव लँकेस्टर, पण प्रशासनाचं ठाणं प्रेस्टन. राजघराण्याशी या नावाचा संबंध वेगळा आणि जुना आहे. लँकेस्टरच्या घराण्यातला हेन्री १३९९ मध्ये गादीवर बसला, तेव्हापासून 'ड्यूक ऑफ लँकेस्टर' हा किताब राजमुकुटाबरोबर चालत आला. आजही लँकेशायरमध्ये राजाच्या नावाने पेला उंचावतात तेव्हा त्याला लँकेस्टरचा ड्यूक म्हणतात.

पेंडलची टेकडी आणि मोरकॅमची वाळू

गिरण्या येण्याआधीचं लँकेशायर गरीब, आडबाजूचं आणि लंडनच्या नजरेत संशयास्पद होतं. राजा प्रॉटेस्टंट झाला तरी इथली बरीच घराणी गुपचूप कॅथलिक राहिली होती. हे लक्षात ठेवून पेंडल टेकडीखालची १६१२ सालची गोष्ट वाचावी.

मार्च महिना. कोल्न गावाजवळच्या रस्त्यावर एलिझन डिव्हाइस नावाच्या, मागून खाणाऱ्या मुलीने एका फेरीवाल्याकडे टाचण्या मागितल्या. त्याने नकार दिला. थोड्याच वेळात तो कोसळला; अर्धं अंग लुळं, तोंड वाकडं, वाचा गेलेली. आज आपण लगेच पक्षाघात म्हणू. एलिझनला मात्र स्वतःलाच खात्री वाटली की आपल्या शिव्याशापांनी हे झालं, आणि तिने ते कबूल केलं. मग चौकशीचं चक्र फिरलं. तिची आजी, आई, भाऊ, शेजारचं वैरी कुटुंब, ओळखीपाळखीचे लोक, सगळे ओढले गेले. ऑगस्टमध्ये लँकेस्टरच्या किल्ल्यात खटला चालला. मुख्य साक्षीदार होती एलिझनची धाकटी बहीण जेनेट, वय सुमारे नऊ. न्यायालयाला ती दिसावी म्हणून तिला टेबलावर उभं केलं आणि तिने आपल्याच आईविरुद्ध साक्ष दिली. आई किंचाळत होती, तिला बाहेर नेलं. आई, भाऊ, बहीण तिघेही फासावर गेले. या सगळ्या प्रकरणात एकूण दहा जणांना फाशी झाली. आज त्या भागात 'चेटकिणी' या नावावर पर्यटन चालतं, दुकानांत झाडूवरच्या म्हाताऱ्या विकायला असतात. मला ते बघवत नाही. ती गरीब, निराधार माणसं होती आणि एका लहान मुलीच्या तोंडून त्यांना मारलं गेलं.

खटला चालला तो लँकेस्टरचा किल्ला २०११ पर्यंत तुरुंग म्हणून वापरात होता. लँकेस्टर गावाची आणखी एक ओळख दगडी गोदामांच्या धक्क्यावर कळते: अठराव्या शतकात लिव्हरपूल, लंडन आणि ब्रिस्टलखालोखाल गुलामांच्या व्यापारातलं ते इंग्लंडमधलं चौथं बंदर होतं.

जवळच मोरकॅमचा उपसागर. ओहोटीला इथे सुमारे ३१० चौरस किलोमीटर वाळू आणि चिखल उघडा पडतो. डोंगराला वळसा घालण्यापेक्षा ही वाळू तुडवणं जवळचं, म्हणून शतकानुशतकं लोक इथून जात आले. पण वाळूखाली नद्यांचे प्रवाह जागा बदलतात, काल घट्ट असलेली जागा आज माणूस गिळते, आणि भरतीचं पाणी पुढून न येता चर भरत भरत मागून येतं. म्हणून सोळाव्या शतकापासून इथे राजाने नेमलेला वाटाड्या असतो. तो आधी जाऊन वाट चाचपतो आणि लॉरेलच्या फांद्या रोवून ठेवतो. त्याचा पगार वर्षाला १५ पौंड आणि राहायला घर. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री याच वाळूत कॉकल नावाचे शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीत बुडून मेले. मुकादमांनी त्यांना काळोखात, भरतीची वेळ न बघता पाठवलं होतं. पुढच्याच काळात मजूर पुरवणाऱ्या ठेकेदारांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला.

आधी घरचेच विणकर बुडाले

कापडाच्या यंत्रांची कथा ही एक टंचाई भागवताना दुसरी ओढवून घेण्याची कथा आहे. १७३३ मध्ये बरी गावच्या जॉन के याने झटक्याने पळणारा धोटा काढला. विणणं झपाट्याने होऊ लागलं आणि सूत पुरेनासं झालं. मग १७६० च्या दशकात ब्लॅकबर्नजवळच्या जेम्स हारग्रीव्ह्जने एका वेळी अनेक चात्या फिरवणारी 'जेनी' बनवली. प्रेस्टनला जन्मलेल्या रिचर्ड आर्कराइटने १७६९ मध्ये पाण्यावर चालणाऱ्या कताई यंत्राचं पेटंट घेतलं. बोल्टनच्या सॅम्युएल क्रॉम्प्टनने १७७९ मध्ये दोन्हींचे गुण एकत्र करून 'म्यूल' तयार केलं. त्यातून निघणारं सूत बारीक आणि चिवट. ही सगळी माणसं एकमेकांपासून फार तर दिवसभराच्या चालीवर राहणारी होती.

आता सूत मुबलक झालं आणि हातमागवाल्यांना काही वर्षं बरे दिवस आले. मग यंत्रमाग आला, आणि तोच विणकर निम्म्याहून कमी मजुरीवर येऊन भुकेला लागला. एप्रिल १८२६ मध्ये पूर्व लँकेशायरच्या उपाशी विणकरांनी गावोगावच्या गिरण्यांत घुसून हजारावर यंत्रमाग फोडले. चॅटर्टन इथे सैन्याने गोळीबार केला, सहा माणसं मेली. शाळेतल्या त्या वाक्याला ही जोड मला फार महत्त्वाची वाटते. ज्या यंत्रांनी बंगालचा आणि दख्खनचा विणकर बुडवला, त्यांनी स्वतःच्या अंगणातला विणकरही सोडला नव्हता. फरक इतकाच, की तिथे त्याच्या नातवंडांना गिरणीत काम मिळालं. आपल्याकडे फार उशिरा आणि फार थोड्यांना मिळालं.

कामाची गावागावांत वाटणी झाली. दक्षिणेकडे ओल्डहॅम, बोल्टन इथे कताई, उत्तरेकडे ब्लॅकबर्न, बर्न्ली, नेल्सन इथे विणकाम. ब्लॅकबर्नच्या मागांवर तर खास हिंदुस्थानसाठी धोतरं विणली जात.

विणकामाची शेड कशी होती ते पाहायचं तर बर्न्लीतली क्वीन स्ट्रीट मिल आहे. १८९४ ची ही गिरणी; वाफेवर मागांची शेड चालवणारी शिल्लक राहिलेली ही एकटीच. ५०० अश्वशक्तीचं एक इंजिन, त्यावरून छताखालचे लांब दांडे, दांड्यांवरून प्रत्येक मागाला उतरलेले चामडी पट्टे. शेकडो माग एकदम चालले की शेजारच्याने कानात ओरडलेलं ऐकू येत नसे. म्हणून बायका ओठांच्या हालचाली वाढवून, हातवारे करत बोलायच्या. गिरणी सुटल्यावरही ती सवय जात नसे, आणि म्हातारपणी बहुतेकींचे कान गेलेले असत. धोट्यात नवी कांडी घातली की धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायला त्या भोकाला ओठ लावून ते शोषून घ्यावं लागे. त्याला 'धोट्याचा मुका' म्हणत. एकच धोटा अनेकांच्या तोंडी जायचा, शोषताना कापसाची धूळ आणि तेल पोटात, छातीत. पहाटे पाळीला उठवण्यासाठी पैसे घेऊन लांब काठीने माडीवरच्या खिडक्या ठोकणारी माणसं असत. पायात लाकडी तळाचे, लोखंडी नाल मारलेले बूट. सगळी गल्ली एकदम निघाली की फरशीवर त्यांचा खडखडाट.

खामगावचा कापूस, बर्न्लीची भूक

हा सारा डोलारा परक्या शेतावर उभा होता. १८६० च्या सुमारास लँकेशायरच्या कापसाचा तीनचतुर्थांशाहून मोठा वाटा अमेरिकेच्या दक्षिणी राज्यांतून, गुलामांच्या कष्टांतून येत होता. १८६१ मध्ये तिथे यादवी पेटली, उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, आणि गासड्या येणं थांबलं. १८६२ च्या हिवाळ्यात लँकेशायरमध्ये लाखो माणसं मदतीच्या सूपपावावर जगत होती. काम म्हणून त्यांना रस्ते आणि गटारं बांधायला लावलं. अशा दिवसांत, ३१ डिसेंबर १८६२ ला, मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन अब्राहम लिंकनला पत्र पाठवलं: गुलामगिरी संपवा, आम्ही तुमच्या बाजूने आहोत. लिंकनने जानेवारीत त्यांना आभाराचं उत्तर दिलं. सगळं लँकेशायर असं एकदिलाने उभं होतं असं मात्र नाही. लिव्हरपूलचे बडे व्यापारी उघड उघड दक्षिणेच्या बाजूचे होते, आणि भुकेल्या गावांतही मतं दुभंगलेली होती. त्यामुळेच त्या सभेची किंमत मला जास्त वाटते.

अमेरिकेचा कापूस बंद झाल्यावर मागणी आली ती हिंदुस्थानकडे. कापूस गुजरात, खानदेश, वऱ्हाड, कुठलाही असो, लँकेशायरमध्ये त्याला सरसकट 'सुरत' म्हणत. हा कापूस आखूड धाग्याचा, त्यात काडीकचरा, सरकी, कधी वजन वाढवायला घातलेली माती. माग सारखा थांबायचा, कापड कमी निघायचं, आणि मजुरी नगावर असल्याने विणकराचं पोट मारलं जायचं. देवा, कापूस पाठव, पण सुरतचा नको, अशी प्रार्थना तिथल्या एका माणसाने केल्याचा किस्सा आजही सांगतात.

इकडे मुंबईत त्याच कापसाने सोन्याचा पूर आला. बँका, कंपन्या, समुद्र बुजवायच्या योजना, प्रेमचंद रायचंद यांचा सट्टा. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं, भाव कोसळले आणि जुलै उजाडेपर्यंत मुंबईतल्या पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. वऱ्हाडावरची इंग्रजांची नजर मात्र हटली नाही. १८७० मध्ये कापसासाठीच खामगावला रेल्वेचा फाटा आला. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये काढली होतीच, आणि मुंबईच्या गिरण्यांना यंत्रं विकणारे पुन्हा ओल्डहॅमचेच कारखानदार. यंत्र विकणाऱ्या लँकेशायरला मुंबईची वाढ हवी होती, कापड विकणाऱ्या लँकेशायरला नको होती. दुसऱ्याचं वजन जास्त पडलं. १८९६ मध्ये हिंदुस्थान सरकारने आपल्याच देशातल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी लावली, लँकेशायरच्या मालावरच्या आयातकराशी बरोबरी व्हावी म्हणून. ती पूर्ण जायला १९२६ साल लागलं.

१९३१ च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी मुद्दाम लँकेशायरला गेले आणि डार्वेनजवळ मुक्काम करून बेकार कामगारांना भेटले. परदेशी कापडाच्या बहिष्काराने तिथल्या मंदीत भर पडली होती. तरी ग्रीनफिल्ड मिलच्या कामगार बायकांनी त्यांना गराडा घातला. तो फोटो प्रसिद्ध आहे. गांधीजींनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. तुमच्याकडे ३० लाख बेकार आहेत, आमच्याकडे ३० कोटी माणसं अर्धं वर्ष बेकार असतात, असं त्यांनी सांगितलं.

रॉचडेलचं दुकान, ब्लॅकपूलची सुट्टी

गिरणीगावांनी जगाला कापडाखेरीजही काही दिलं, आणि त्यातली एक गोष्ट महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचली आहे. २१ डिसेंबर १८४४ ला रॉचडेलच्या टोड लेनमध्ये काही कामगारांनी, त्यांत बरेच विणकर, वर्गणी काढून दुकान उघडलं. माल काय, तर लोणी, साखर, पीठ, ओट आणि मेणबत्त्या. वजन पुरं, मालात भेसळ नाही, उधारी नाही, नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत, आणि भाग कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. हे नियम पुढे जगभरच्या सहकाराचा पाया झाले. आपल्याकडच्या सोसायट्या आणि साखर कारखाने 'एक सभासद, एक मत' म्हणतात ते याच परंपरेतून.

सुट्टीची रीतही निराळी होती. वर्षातून एक आठवडा अख्ख्या गावाच्या गिरण्या बंद. बॉयलर साफ व्हायचे आणि गाव आगगाडीने समुद्रावर जायचं. प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा. ब्लॅकपूलला रेल्वे १८४६ मध्ये आली, आणि पॅरिसच्या आयफेल टॉवरवरून सुचलेला १५८ मीटरचा मनोरा १८९४ मध्ये उघडला. तो कामगारांच्या पैशांवर उभा राहिला असं म्हणायला हरकत नाही. मूरवर फिरायला जाणंही त्यांच्या जिव्हाळ्याचं. १८९६ मध्ये विंटर हिलची जुनी पायवाट जमीनदाराने शिकारीसाठी बंद केली, तेव्हा बोल्टनचे हजारो लोक फाटक मोडून टेकडीवर चढले.

रात्रपाळीला आलेली माणसं

पहिल्या महायुद्धानंतर जपान आणि हिंदुस्थान अधिकाधिक कापड स्वतःच विणू लागले आणि लँकेशायरची बाजारपेठ आटत गेली. १९५९ च्या कायद्याने तर सरकारनेच जुने माग भंगारात काढायला मालकांना पैसे दिले. उरलेली नवी यंत्रं महाग, ती रात्रंदिवस चालली तरच परवडणार, आणि रात्रपाळीला स्थानिक माणूस मिळेना. मग आले मीरपूरचे पाकिस्तानी आणि भरूच-सुरतकडचे गुजराती. ब्लॅकबर्न, प्रेस्टन, बोल्टन इथे त्यांच्या वस्त्या वाढल्या. सुरतच्या नावाचा कापूस शंभर वर्षांपूर्वी जिथे गेला होता, तिथे आता त्या मुलखाची माणसं पोचली. थोड्याच वर्षांत गिरण्या बंद पडल्या. माणसं तिथेच राहिली. आज त्यांची नातवंडं त्या गावांत नगरसेवक, डॉक्टर, दुकानदार आहेत.

मराठी वाचकाला जवळची अजून एक वाट क्रिकेटची. लँकेशायर लीगमधली गिरणीगावं वर्गणी काढून परदेशी खेळाडू पगारावर ठेवत. नेल्सनने १९२९ मध्ये वेस्ट इंडीजचा लिअरी कॉन्स्टंटाइन आणला. १९५२ मध्ये विनू मांकड हॅस्लिंग्डनकडून खेळत होता. लॉर्ड्सच्या कसोटीसाठी भारताला तो त्या छोट्या क्लबकडून मागून घ्यावा लागला, आणि त्याने ७२ आणि १८४ धावा काढून एका डावात पाच बळीही घेतले. मुंबईचा फारुख इंजिनियर १९६८ ते १९७६ काउंटी संघाचा यष्टिरक्षक होता, आणि त्या काळात लँकेशायरने १९७०, १९७१ आणि १९७२ असा सलग तीन वर्षं जिलेट कप जिंकला.